वीणा कुणी घेतली

अर्पितानं व्हायोलिनच्या गजाला राळ घासायला घेतली, तोच तिच्या आजोबांनी, रामकिसन आबांनी, गजाचं दुसरं टोक धरलं.

“तो शेवटचा घाव तू मारायचा न्हाय,” ते म्हणाले. “मारलास तर हे वाजवणं आजपासून बंद.”

शाळेच्या मांडवात येरमाळ्याची माणसं बसायला लागली होती. पडद्यामागं वैजनाथ सर मुलींची व्हायोलिनं जुळवत होते. त्यांनी बांधलेली रचना बिराप्पाची होती. डोंगरात दडून सावकार लुटणारा बिराप्पा, पोलीस मागावर असताना गावच्या सप्त्यात शिरला आणि त्यानं वीणा गळ्यात घेतली. सप्ता उठेपर्यंत वीणा भुईला टेकत नाही, आणि वीणेकरी म्हणजे उभा देव; त्याला हात लावायची छाती कुणाची नव्हती. पोलीस देवळाच्या पायरीशी थांबले. बिराप्पा रात्रंदिवस उभा. शेवटी गावातल्या एकानं पुढं होऊन वीणा आपल्या गळ्यात घेतली, अन् मोकळ्या हाताच्या बिराप्पाला पोलिसांनी नेलं. वीणा घेणारे ते आबांचे वडील. गाव त्या घराला फितूर म्हणतं, ते आजतागायत.

रचनेत बिराप्पाची पणती समृद्धी एकच सूर अखंड धरणार होती. शेवटी अर्पिता तारांवर गज आपटणार, आणि तो सूर तुटणार.

“आबा, सरांनी तसंच लिहिलंय.”

“लिव्हणाऱ्याचं काय जातंय? वीणा पडाय लागली म्हणून घेतली, असं माझा बाप मरेस्तोवर सांगत होता. कोण ऐकलं?”

“आबा, घाव तुमच्या घरचा,” खुंट्या पिळता पिळता समृद्धी म्हणाली, “अन् सूर धरून हात दुखतोय माझा.”

आबांनी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. गज सोडून ते पुढच्या रांगेत जाऊन बसले.

रचना सुरू झाली. व्हायोलिनं घाट चढली, घोड्यांसारखी उधळली, झाडीत दबकली. त्या सगळ्याखाली समृद्धीचा सूर होता. गज उलटतानासुद्धा तो तुटू द्यायचा नव्हता. अर्पिता शेजारी बसून वाट पाहत होती. आबांची नजर तिला गालावर जाणवत होती.

घाव जवळ आला तसा शेजारचा सूर हलला. तिनं पाहिलं. समृद्धीचं मनगट थरथरत होतं. ओठ घट्ट मिटलेले, कपाळावर घाम, आणि डोळे अर्पिताच्या गजावर येऊन थांबलेले.

सरांनी हात उचलला.

अर्पितानं गज तारेवर ठेवला. आपटला नाही, ठेवला. समृद्धीच्या सुरात तिचा सूर हळूच शिरला आणि घटकाभर दोन्हीत कुठला कुणाचा ते कळेना. मग समृद्धीचा गज उतरला. हात मांडीवर पडला. बोटं उघडीच राहिली. सूर चालूच होता.

सरांचा हात हवेत तसाच.

समृद्धी खुर्चीतून खाली वाकली आणि सप्त्यात वीणा सोपवणारा वाकतो, तशी अर्पिताच्या पायांना शिवली.

आता अर्पिताचं मनगट कापायला लागलं होतं. पुढच्या रांगेत आबा उभे राहिले होते. त्यांचे दोन्ही हात, गळ्यात वीणा घ्यायला करावेत तसे, पुढं आले होते.