नगरसेवक ट्रॉलीत उभा राहिला

मयूर निवडून आला तेव्हा त्याच्या उजव्या हाताला दोन मालक झाले होते. निवडणुकीत प्रभागभर त्याचे फ्लेक्स लावले बिल्डर अश्विनशेठने, आणि जेवणावळी घातल्या लॉन्सवाल्या सनीशेठने. आता दोघांनाही प्रभागातलं शेवटचं मोकळं मैदान हवं होतं; एकाला इमारतीसाठी, दुसऱ्याला लग्नांसाठी. शुक्रवारच्या महासभेत त्याचा निकाल लागणार होता, आणि सभागृहाची प्रथा अशी, की प्रभागाचा नगरसेवक जिकडे हात वर करील तिकडे बाकीचे करतात. त्याच मैदानावर पोरींना कबड्डी शिकवणाऱ्या जुलेखा मॅडमही भेटून गेल्या होत्या, पण त्यांनी मयूरला नुसतं मत दिलं होतं.

अखेर त्याने कारभारीमामांना बोलावलं. मामांची उभी हयात लासलगावला कांद्याचे लिलाव पुकारण्यात गेली होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि गिऱ्हाईकं दोन असतील तर लिलाव करावा, चोरून विकलं की बोभाटा होतो, असं सांगितलं. मयूरला पटलं. पारदर्शक कारभार त्याच्या जाहीरनाम्यात होताच.

रविवारी सकाळी मैदानात ट्रॅक्टरची ट्रॉली लागली आणि कडक इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यांत मयूर तिच्यात उभा राहिला. त्याच्या मनातल्या आकड्यात एक मोठी गाडी आरामात बसत होती.

पण माल पाहिल्याशिवाय बोली नाही, हा मामांचा शिरस्ता. अश्विनशेठ ट्रॉलीत चढला, त्याने मयूरचा दंड दाबून पाहिला आणि आजवर पक्ष किती बदलले ते विचारलं. मयूरने तीन सांगितले. सनीशेठने त्याला पाठमोरा करून निरखलं.

"वरून चकचकीत आहे मामा," तो म्हणाला, "पण आतून ओला आहे. लगेच कोंब येणार याला."

मामांनी नाइलाजाने मान हलवली. धंद्यात खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

मग दोन्ही शेठ ट्रॉलीमागे जाऊन एकाच कपातला चहा अर्धा-अर्धा प्याले. परत आले तेव्हा मैदानही अर्धं-अर्धं झालं होतं. बोली लागली ती एकच: दिवाळीला फराळाचा डबा आणि वाढदिवसाला एक फ्लेक्स, तोही चौकातला नव्हे.

"एकवार," मामांनी पुकारलं. "दोनवार." आणि ते थांबले. भाव पटला नाही तर शेतकऱ्याला माल माघारी नेता येतो, तेव्हा विचारणं भाग होतं. "परवडतंय का, मयूरराव?"

"मामा, आधीच्या नगरसेवकाला याच प्रभागात बंगला मिळाला होता."

"तो माल येगळा व्हता."

मयूर लालबुंद झाला. "ट्रॉली फिरवा," तो म्हणाला.

शुक्रवारी त्याने त्याच रागात मैदान मोकळं ठेवण्याच्या बाजूने हात वर केला. मागोमाग सगळ्यांनी केला. मैदान वाचलं. जुलेखा मॅडमनी वर्गणी काढून ऐन चौकात फ्लेक्स लावला: 'विकला न गेलेला नगरसेवक'. पोरींनी हार घातले. मयूरला मात्र तो फ्लेक्स जाता-येता टोचू लागला. आपला भाव आला नाही हे गावभर सांगायची काय गरज होती?

संध्याकाळी फ्लेक्सखाली उभं राहून त्याने मामांना हळूच विचारलं, पुढे भाव वाढेल का?

मामांनी त्याचा दंड दाबून पाहिला.

"कांदाचाळीत ठेवू. वारं लागलं की सुकतो माल," ते म्हणाले. "फकस्त त्या पोरींचे हार लय घेऊ नका. गोडी लागली तर इकायचं राहून जातं."