पी. कांबळे यांची सायटेशन्स

"केरबा, फ्लेक्स उतरव त्यो."

केरबा शिडीवर होता. उचगावच्या चौकातल्या खांबाला शेवटची दोरी आवळता आवळता त्यानं खाली बघितलं.

"का वो सर? फोटू बरा न्हाय आला व्हय?"

"फोटू बरा हाय. मजकूर चुकलाय."

"कांबळे तर बरोबर लिवलंय की!"

"कांबळे बरोबर हाय. पर ते कांबळे दुसरं हायत."

केरबाला काही कळलं नाही, पण सरांचा चेहरा बघून तो गाठ सोडायला लागला. फ्लेक्सवर हेच सर, प्रसेनजीत कांबळे, हसत होते आणि खाली लिहिलं होतं, ‘जगातील आघाडीच्या शास्त्रज्ञांत उचगावचा सुपुत्र’.

प्रसेनजीत विद्यापीठात घनपदार्थांचं भौतिकशास्त्र शिकवायचे. काचेवर ऑक्साइडचा अगदी पातळ थर चढवायचा, तो थंड करत न्यायचा आणि त्यातून वीज कशी वाहते ते मोजायचं, यात त्यांची सगळी नोकरी गेली. निबंध थोडेच, सावकाश लिहिलेले. दुसऱ्या संशोधकानं आपल्या निबंधात त्यांचा आधार दिला की एक सायटेशन जमा व्हायचं, आणि तीही थोडीच होती. त्याचं त्यांना फारसं वाईट वाटत नसे. काम आवडीचं होतं.

गेल्या आठवड्यात मात्र एका जागतिक यादीत त्यांचं नाव आलं. विभागात पेढे वाटले गेले, सत्कार ठरला, वडिलांनी गावभर सांगितलं. प्रसेनजीतनाही दोन दिवस चालताना अंग हलकं वाटत होतं. काल दुपारी त्यांनी यादीचा मूळ हिशेब उघडून पाहिला. त्यांच्या नावावरचे सगळ्यात गाजलेले निबंध बॅटरीवरचे होते. बॅटरीवर त्यांनी जन्मात काम केलेलं नव्हतं. लेखकाचं नाव होतं पी. कांबळे, हैदराबाद. संगणकानं दोन माणसं एक करून टाकली होती.

त्यांनी तिथल्या पत्त्यावर ईमेल केली. थोड्याच वेळात फोन आला. प्रज्ञा कांबळे, मूळची लातूरची, कंत्राटी संशोधक.

"सर, तुम्हीच का ते!" ती हसली, मग म्हणाली, "कायम जागेसाठी दोनदा अर्ज केला मी. माझ्या नावावर काही दिसतच नाही म्हणून मुलाखतीला बोलावलं नाही. त्या यादीवाल्यांना कितीदा कळवलं. तुमच्या खात्यातून तुम्हीच सोडले निबंध तर लगेच होतं म्हणे. परवा पुन्हा अर्जाची मुदत आहे."

प्रसेनजीत विभागप्रमुखांकडे गेले. रुबीना मुजावर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"सर, दुरुस्ती करायचीच आहे. पण चार दिवसांनी करा की. उद्या कुलगुरू येणारेत. तुमच्या वडिलांना किती आनंद झालाय!"

"तिची मुदत परवा आहे, मॅडम."

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "मग करा इथंच. कुलगुरूंना मी सांगते."

त्यांनी तिथंच बसून एकेक निबंध सोडला. सायटेशन्सचा आकडा झरझर खाली आला. मग आकडा थांबला. उरलं ते त्यांचं होतं.

आबांना, वडिलांना, सांगायचं तेवढं राहिलं होतं.

केरबाला चौकात सोडून ते घरी आले, तर आबा, म्हणजे भाऊसो, सत्काराला जायला फेटा बांधून ओसरीवर तयार बसलेले. सगळं आयुष्य फौंड्रीत साचे भरण्यात गेलेला माणूस, पण आज धोतराला एक सुरकुती नव्हती. प्रसेनजीत शेजारी टेकले आणि एका दमात सांगून मोकळे झाले.

भाऊसो त्यांच्याकडे वळले.

"म्हंजे ते नाव तुजं न्हवं?"

"न्हाय, आबा. एका पोरीचं काम हुतं. चुकून माज्या नावावर गेलतं."

"मिळालं का तिला माघारी?"

"व्हय. सकाळी फोन आलता. दिसाय लागलंय म्हणाली."

"ब्येस झालं." भाऊसोंनी फेटा काढून खुर्चीवर ठेवला आणि कपाळ चोळलं. "लई आवळून बांधलता, मर्दा."

प्रसेनजीतना हसू आलं. "आबा, चला. माजी लॅब बघाय चला. कधी आलाच न्हाईसा."

"बोलावलंस कवा?"

लॅबच्या दारात भाऊसोंनी वहाणा काढल्या. नको म्हटलं तरी काढल्या. प्रसेनजीतनी त्यांच्या हातात काचेचा एक तुकडा दिला. "कडंला धरा." भाऊसोंनी तो खिडकीकडे धरून बघितला. काचेवर फिकट जांभळी झाक होती.

"ह्येच्यात वीज जाती?"

"जाती. कशी जाती ते मोजायचं."

तुकडा यंत्रात ठेवून प्रसेनजीतनी मोजणी सुरू केली. आत थंडी वाढत चालली, तसा पडद्यावर एकेक ठिपका उमटू लागला. ठिपक्यांची रेघ हळूहळू वर चढत होती.

"ही रेघ तुजी?"

"माजी."

"कुणाच्या उपेगी पडली कधी?"

प्रसेनजीतनी आठवून सांगितलं, "ब्राझीलमधल्या एक बाई हायत, त्यांनी वापरली. एका जपानी माणसानं वापरली. आनी थोडं जण हायत."

"वळकीचं?"

"न्हाय. कुणालाच बघितल्यालं न्हाय मी."

"वळक न्हाय, पाळक न्हाय, तरी?"

"तरी."

भाऊसोंनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. पुढचा ठिपका यायला अजून वेळ होता. दोघं वाट बघत बसले.