सिरोंका म्हणायचं नाही

ताजेऊचा तरणाताठा मुलगा सिरोंका तापाने गेला, त्याला आता वर्ष होत आलं. मसाई माणूस मेलेल्याचं नाव तोंडातून काढत नाही, आणि त्याच्या आईबापांसमोर तर मुळीच नाही. म्हणून 'सिरोंका' हे नाव अख्ख्या वस्तीतून उठलं. पंचाईत झाली ती दुसऱ्या सिरोंकाची. तो ताजेऊच्याच जोडीने मेरू डोंगराच्या पायथ्याशी पाहुण्यांना पायी जंगल दाखवायचा. वस्तीने त्याचं नाव बदलून कोइनेत ठेवलं. कोइनेत म्हणजे उंच, आणि हा गडी जेमतेम ताजेऊच्या खांद्याला लागायचा!

"कोइनेत! ए कोइनेत! बहिरा झालास का रे?" त्या सकाळीही ताजेऊ खेकसला.

"नाही हो बाबा. त्या नावाची सवयच होत नाही. वाटतं, दुसऱ्याच कुणाला बोलावताय."

"अरे गाढवा, बकरीसुद्धा चार दिवसांत हाक ओळखते."

पाहुण्यांना काही कळलं नाही, तरी ते हसले.

ताजेऊ बंदूक घेऊन पुढे, मधे पाहुणे, कोइनेत शेवटी. ओढा ओलांडल्यावर कोइनेत बुटाची नाडी बांधायला खाली बसला, आणि त्याच्या मागच्या झुडपातून रानरेडा बाहेर आला. म्हातारा, कळपातून हाकललेला, म्हणजे महाखुनशी. मधे पाहुण्यांची रांग. गोळी झाडायची सोय नव्हती.

"कोइनेत!" ताजेऊ ओरडला. ओढा खळाळत होता, हा आपला नाडी ओढत बसलेला. "कोइनेत, मागे बघ!" छे! रेड्याने मान खाली घातली. वर्षभर दाताखाली दाबलेलं नाव ताजेऊच्या तोंडून सुटलं.

"सिरोंका!"

तो गर्रकन वळला आणि त्याने उंबराच्या खोडामागे उडी घेतली. रेडा धूळ उडवत तसाच बाजूच्या रानात निघून गेला.

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. ताजेऊ मात्र मटकन खाली बसला. कोइनेत धावत आला आणि थोरांचा हात डोक्यावर घ्यायच्या रिवाजाप्रमाणे त्याने डोकं पुढे वाकवलं.

"बाबा, माझ्यापायी तुम्हाला ते नाव घ्यावं लागलं."

ताजेऊने त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"माझ्या पोराला शेवटच्या दिवशी किती हाका मारल्या रे मी," तो रडत म्हणाला. "घसा बसला माझा. त्याने डोळेसुद्धा उघडले नाहीत. आणि तू एका हाकेला वळलास."

कोइनेत तसाच मान खाली घालून उभा राहिला.

शेवटी ताजेऊ उठला. त्याने डोळे पुसले, बंदूक खांद्याला अडकवली.

"चल, कोइनेत."

या वेळी त्याने पहिल्याच हाकेला ओ दिली.