बाबांचं पान

मित्रांनो, मी एक जुना मॉनिटर आहे. आजच्या सडपातळ पडद्यांसारखा नाही. माझी काच फुगीर आणि पाठीला भलंमोठं पोक. कारखान्यात पहिल्यांदा अंगात वीज आली, तेव्हा माझ्या काचेवर निळसर उजेड पसरला. मला वाटलं, आभाळ बहुधा असंच असतं. खरं आभाळ मी अजून पाहिलेलं नाही.

तिथून मी वहिनींच्या डीटीपीच्या दुकानात आलो. अरुंद गल्लीतली एक खोली, भिंतीला टेकलेला प्रिंटर आणि तापलेल्या कागदाचा वास. पावत्या, जाहिराती, शाळेची मासिकं, किती पानं माझ्या अंगावरून ढगांसारखी सरकत गेली! वहिनींची नणंद बिट्टी तिथे पानं लावायला शिकत होती. तिला हौस दांडगी. एकाच पानावर पाच तऱ्हेचे फॉन्ट, वेलबुट्टीच्या चौकटी, आणि मोकळी जागा दिसली की तिथे फूल.

"हे पान आहे की बाजार?" वहिनी हसत. बिट्टी गाल फुगवून बसे.

एके दिवशी बिट्टी धापा टाकत आली. बाबा घरातून निघून गेले होते. बाबा म्हणजे तिचे वडील, वहिनींचे सासरे. अलीकडे त्यांना घरचा रस्ताच काय, स्वतःचं नावही आठवत नसे.

बिट्टीने रडत रडत पत्रक केलं. त्यात सगळं होतं: बाबांचा स्वभाव, सदरा, चष्मा, घरच्यांच्या जिवाची घालमेल. फोटो बिचारा कोपऱ्यात, नखाएवढा. लोक पत्रक घेत, घडी घालत, खिशात टाकत. दुपार उलटली तरी फोन वाजला नाही.

वहिनींनी खुर्ची जवळ ओढली. "बिट्टे, सगळेच एकदम ओरडायला लागले, तर ऐकायचं कुणाचं?"

"मग काढू तरी काय? सगळं बाबांचंच आहे!"

"रस्त्यावरच्या माणसाला आधी काय दिसायला हवं?"

बिट्टीने कोपऱ्यातल्या नखाएवढ्या फोटोकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "बाबांचा चेहरा."

तिने फोटो मोठा केला. वर ठसठशीत अक्षरांत एवढंच, 'यांना पाहिलंत का?' खाली सदऱ्याचा रंग आणि त्याला लागूनच फोन नंबर. फॉन्ट एकच, साऱ्या ओळी डावीकडे एका रेषेत. वेलबुट्टी गेली, फुलं गेली. चहूबाजूंनी रुंद समास सोडला. त्या पांढऱ्या शांततेतून बाबा बघू लागले. मला वाटलं, ते माझ्याच आत कुठेतरी बसले आहेत.

नवी पत्रकं बसथांब्यांवर लागली. दिवेलागणीला फोन खणखणला.

"थांब्यावर गाडी लावताना फोटो दिसला," एक बसचालक सांगत होता. "हे आजोबा माझ्याच गाडीत आहेत. शेवटचा थांबा आला, तरी उतरायला तयार नाहीत."

बिट्टी टेबलावर डोकं टेकून हमसाहमशी रडली. वहिनी तर बाबांना आणायला अनवाणीच धावल्या.

पुढे बिट्टीच्या पानांचं गावभर कौतुक झालं. मग सडपातळ पडदा आला आणि मी माळ्यावर गेलो. इथे काम नाही, म्हणून स्वप्नं पाहतो. पानं येतात, हलकेच सरकतात, विरून जातात.

मित्रांनो, पान लावाल तेव्हा वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा ठेवा. महत्त्वाचं ते मोठं करा, सोबतचं त्याच्या जवळ ठेवा आणि बाकीच्याला गप्प राहू द्या. आणि एखादा थकलेला पडदा भंगारात देण्याआधी त्याच्यावरची धूळ मऊ कापडाने एकदा पुसा. त्यानेही कधीतरी कुणाच्या तरी माणसाचा चेहरा जपलेला असतो.