खूण एका पायाला

मास्तरांच्या डाव्या पायातली कळ कंबरेतून निघे, मांडीमागून उतरे आणि घोट्याशी येऊन मुक्काम ठोके. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि महिनाभर उभं राहायचं नाही असं बजावलं. शिंप्याला हे सांगणं सोपं आहे, पण कापड बेतायचं ते उभ्यानंच. आणि दुकानातली मोठी कात्री गेल्या तीस वर्षांत मास्तरांशिवाय कुणी उचलली नव्हती. बायकोनं शिवावं, काजं करावीत. कापायचं ते मास्तरांनीच.

त्या दिवशी एका नवरदेवाचा कोट बेतायचा होता. कापड त्यानंच आणलेलं, अगदी मोजकं. चुकलं तर दुसरा तुकडा नाही. संध्याकाळी तो ट्रायलला येणार होता. मास्तर सकाळपासून दोनदा टेबलाशी उभे राहिले आणि दोनदा "आई गं" करत खाली बसले.

अशा वेळी टपकला नाही तर तो मेव्हणा कसला!

"दाजी, गोळ्या ठेवा बाजूला. लाल तिखट कोमट तेलात कालवायचं आणि शिरेवर चोपडायचं. तासाभरात पळायला लागाल."

तेवढं मात्र त्याचं खरं ठरलं.

मास्तर काटेकोर माणूस. आतल्या खोलीत आरशासमोर उभं राहून त्यांनी कळीचा सगळा रस्ता खडूनं डाव्या पायावर आखला, मांडीशी किंचित गोलाई देऊन. "खुणेबाहेर थेंब जाऊ देऊ नकोस," असं बायकोला बजावून ते पालथे पडले. कोमट तेलानं बरं वाटलं आणि त्यांचा डोळा लागला.

जाग आली ती बोंब मारतच. डावा पाय पेटला होता, ते ठरलेलंच होतं. पण उजवाही पेटला होता!

"अगं, या पायाला काय झालं होतं?"

"घ्या! खूण एका बाजूला केली की दुसरी बाजू तशीच धरायची, हे तुम्हीच ना शिकवलंत?"

कापडाची दुहेरी घडी घालून एकाच अंगाला आखायचं, हा धंद्याचा पहिला धडा. तो तिनं इमानेइतबारे गिरवला होता. मास्तरांनी पाणी ओतलं तशी आग आणखी भडकली. दुकानात चार फेऱ्या धावून झाल्यावर ते दोन्ही पायांना गार दुधाची फडकी गुंडाळून बाकावर आडवे झाले. "गुण येतोय, गुण येतोय," म्हणत मेव्हणा पसार झाला.

बारा वाजून गेले. "मी कापते," बायको म्हणाली.

मास्तर कोपरावर रेलून अर्धे उठले. कोट बिघडेल ही भीती होतीच. त्याहून मोठी भीती, तो बिघडणार नाही ही होती. मग आपण उरलो कशाला?

बाकावरून त्यांनी सूचनांचा भडिमार केला. तिनं एकही ऐकली नाही. खांद्याच्या वळणाशी मास्तर स्वतः दर वेळी थबकत, तिथं तिची कात्री थबकली नाही.

संध्याकाळी नवरदेव कच्च्या शिलाईचा कोट घालून आरशात वळून वळून बघत राहिला. "वा मास्तर! हात मानला तुमचा."

नुसती मान डोलावली असती तरी भागलं असतं. बायको चकार शब्द बोलली नसती, आणि तेच मास्तरांना टोचलं.

"हात हिचा," ते म्हणाले. "मी फक्त ओरडत होतो."

"असं? मग धाकट्या भावाचाही कोट काकूच कापतील," म्हणत त्यानं पिशवीतून आणखी एक कापड काढलं.

तो गेल्यावर तिनं ते टेबलावर पसरलं. मास्तर लंगडत आले, पहिला कोट मांडीवर घेऊन बसले आणि सुई शोधू लागले.

"काजांना दोरा कुठला घेऊ गं?"

"थांबा," ती मान वर न करता म्हणाली, "हातातलं होऊ दे."

आणि मास्तर थांबले.