मोजणी: पाच

म्युनिकहून व्हेनिसला जाणाऱ्या गाडीत विभावरीच्या नावाने चार जागा राखलेल्या होत्या आणि त्यांतल्या दोन रिकाम्या होत्या. ऑक्टोबरात स्वस्त तिकिटं निघाली तेव्हा शार्दूलने ती जायची-यायची घाईने घेऊन ठेवली. रद्द केली तर पैसे परत नाहीत, तारीख बदलायची सोय नाही. दोन त्या दोघांची, दोन सांगलीहून डिसेंबरात येणाऱ्या तिच्या आईबाबांची. दोन वर्षांच्या अन्वीला तिकीट लागत नव्हतं. नोव्हेंबरच्या आठ तारखेला बाबा वाचनालयातून घरी आले, चहा टाक म्हणाले आणि खुर्चीत बसले ते बसलेच. विभावरी तिसऱ्या दिवशी पोचली.

वर्षाच्या आत कुठे फिरायला जायचं तिच्या मनात नव्हतं. पण आईनेच फोनवर विषय काढला. ह्यांनी एवढं सगळं आखून ठेवलंय, तुम्ही तिघं जाऊन या, तिकिटं वाया गेलेली ह्यांना चालली नसती. मग म्हणाली, माझं मात्र आता नको.

आखून ठेवलं होतं हे अक्षरशः खरं. बाबा, म्हणजे नागेश सर, सांगलीच्या एका शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवत होते आणि दर थंडीत मुलांची सहल नेत होते. देशाबाहेर त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. तरी वाचनालयातलं एक पुस्तक आणि शार्दूलने पाठवलेले नकाशे पुढ्यात घेऊन त्यांनी शंभर पानी वहीत व्हेनिसची सहल लिहून काढली होती. बाबागाडी नेऊ नये, पुलांना पायऱ्या आहेत. साडेअकराला अन्वी झोपेल, तेव्हा चर्चमध्ये बसणे, वारा लागत नाही, पैसेही पडत नाहीत. दशम्या कालच्या चालतील. आणि प्रत्येक टप्प्यापुढे लाल शाईत: मोजणी ५. सहलीतला त्यांचा तो नेमच होता. मोजणी पुरी भरल्याशिवाय गाडी हलायची नाही. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला तरी नाही.

रोझेनहाइमला एक म्हातारी बाई चढली. डब्याचं दार सरकवून तिने त्या दोन जागांकडे बोट दाखवलं आणि मोकळ्या आहेत का, असं विचारलं.

"बेझेट्स्ट," विभावरी म्हणाली. भरलेल्या आहेत.

बाईने रिकाम्या गाद्यांकडे पाहिलं, मग हिच्याकडे, आणि दार हळूच लावून घेतलं. काचेपलीकडे तिचा करडा कोट दिसत राहिला. बोळकांडीतल्या घडीच्या फळीवर ती बसली. कुणी जायला लागलं की उठायची, पुन्हा बसायची.

"विभा, बसू दे ना त्यांना," शार्दूल हळू आवाजात म्हणाला.

"तिकिटं आहेत त्यांची."

कोणाची, ते त्याने विचारलं नाही. इन्सब्रुकला म्हातारी उतरून गेली. उतरताना तिने अन्वीला काचेतून हात केला, आणि विभावरीला त्याचंच जास्त लागलं.

स्वस्त म्हणून ते मेस्त्रेत राहिले आणि सकाळी लोकलने पाणी ओलांडून शहरात शिरले. शहरात म्हणायचं इतकंच; दिसत काहीच नव्हतं. धुकं असं उतरलं होतं की घरं पहिल्या मजल्यापर्यंत होती आणि त्यावर आभाळ सुरू होत होतं. पाणी कुठे संपतं आणि फरशी कुठे लागते ते पाय टाकल्यावरच कळायचं. मोटारींचा आवाज नाही. पावलं आधी ऐकू यायची, मग त्यांचं माणूस यायचं, एखाद्या पेटीवाल्याचं, कुत्रेवाल्या बाईचं, आणि पुन्हा विरघळायचं. अन्वी शार्दूलच्या पाठीवर बांधलेली होती. दिसेल त्या होडीला ती "शिफ!" म्हणायची आणि धुक्यात होडी गेली की "वेक," म्हणजे गेली.

वही विभावरीच्या हातात होती. बाबांचं गणित कुठे चुकत नव्हतं. तिसरा पूल तिसऱ्याच ठिकाणी होता. बाक लिहिला होता तिथे बाक होता, ओला, पण होता. साडेअकराला चार मिनिटं कमी असताना अन्वी झोपली आणि समोर चर्चचं दार आलं. आत मेणबत्त्यांचा वास होता आणि एकच म्हातारा कुठेतरी खोकत होता. दशमीचा तुकडा मोडताना विभावरीला वाटलं, की हा माणूस इथे येऊन गेलाय. गुडघ्यावर हात ठेवून याच बाकावर टेकलाय, आणि आत्ता पुढे जाऊन पुढच्या वळणावर उभा आहे, मागे पाहत, सगळे येतायत ना म्हणून.

पुढचं पान होतं मोठ्या कालव्याचं. तिकिटाच्या मोठ्या बोटीत बसू नये, असं बाबांनी लिहिलं होतं. मासळीबाजारासमोर एक साधी होडी नुसती पलीकडे नेते. भाडं चहाएवढं. उभ्याने जातात, अन्वीला घट्ट धरावे. खाली तांबड्या शाईत तेच.

धक्क्याला होडी होती. पुढे एक नावाडी, मागे एक. पुढच्याने हात वर करून बोटं हलवली. किती माणसं?

विभावरीने पंजा दाखवला. पाचही बोटं. तिने विचार केला नव्हता. सकाळपासून ती तोच आकडा वाचत होती.

नावाड्याने मान डोलावली. शार्दूल अन्वीला घेऊन उतरला, ती उतरली. नावाडी वल्ह्यावर टेकून उभा राहिला. त्याने त्यांच्या मागे गल्लीकडे पाहिलं. धुक्यात काही नव्हतं. त्याला घाई नव्हती. त्याने सिगारेट पेटवली आणि बाकीच्या दोघांची वाट पाहत राहिला.

शार्दूलने तिच्याकडे पाहिलं. त्याने नावाड्याला आकडा दुरुस्त करून सांगितला नाही, आणि त्याबद्दल ती त्याची पुढे फार दिवस ऋणी राहिली.

पाणी होडीला हळूहळू थोपटत होतं. गल्लीच्या तोंडाशी पावलं वाजली, जवळ आली, आणि विभावरी तिकडे वळली. पिशवीत कांद्याची पात घेतलेली एक बाई धुक्यातून निघाली आणि दुसरीकडे वळली.

मोजणी भरल्याशिवाय गाडी हलायची नाही. विभावरी गल्लीकडे बघत राहिली. सिगारेट अर्धी झाली. सहलीत कोणी आजारी पडून घरी राहिलं, तर बाबा आदल्या रात्रीच यादीत आकडा बदलायचे. नसलेल्या मुलासाठी असलेल्यांना कधी त्यांनी ताटकळत ठेवलं नव्हतं.

"द्राय," ती म्हणाली. मग नावाड्याला कळावं म्हणून तीन बोटं वर केली. "आम्ही तिघंच आहोत."

त्याने खांदे उडवले, सिगारेट पाण्यात टाकली आणि वल्हं मारलं. धक्का मागे सरकला, मग पुसट झाला, मग नव्हताच. मधे काही क्षण दोन्ही किनारे नव्हते. पाठीवरून उतरवलेली अन्वी आईचा कोट धरून उभी होती आणि मागे हात दाखवून म्हणाली, "वेक."

"हो," विभावरी म्हणाली.

परतीच्या गाडीत व्हेरोनाला गर्दी चढली. दार सरकवून एका तरुण बाईने आत डोकावलं. हातात बॅग, मागे तिची आई असावी, धापा टाकत होती. विभावरीने दारावरच्या खाचेतून आईबाबांच्या राखीव जागांच्या दोन चिठ्ठ्या काढून वहीत ठेवल्या आणि बॅग वर टाकायला हात दिला.

"बिट्टे, फ्राय आहेत, मोकळ्या," ती म्हणाली, अर्धं जर्मन, अर्धं मराठी, आणि त्या दोघी बसल्या. म्हातारीने कोट सैल केला. अन्वीने तिच्या गुडघ्यावर लगेच एक दशमी ठेवली.