निमेशने बंद केलेली वाट

"साहेब, बाहेरून आत शिरायची वाट बंदच करायला लागेल," निमेश फोनवर म्हणाला आणि मोकळ्या हाताने बाबांच्या हनुवटीवरची पेज पुसली.

"पासवर्ड आहे की रं तिला!" पलीकडून कारखान्याचे मॅनेजर खंडेराव.

"पासवर्ड न विचारताच कोणालाही आत घेतोय तो फायरवॉलचा डबा. वॉचमनच चोराला सलाम ठोकतोय, असं समजा."

मुरबे गावात घरी बसून तारापूरच्या रंगाच्या कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळायची परवानगी निमेशने किती हांजी हांजी करून मिळवली, ते त्यालाच ठाऊक. लकवा झाल्यापासून त्याचे बाबा, भिका तांडेल, दुसऱ्या कोणाच्या हातून घास घेत नसत. जन्मभर बोटीवर हुकूम चालवलेला माणूस; सुनेने चमचा पुढे केला की ओठ घट्ट मिटून घ्यायचे. घरून कारखान्यात शिरायची वाट बाहेरच्यांना अडवणाऱ्या या फायरवॉलच्या डब्यातून जायची, आणि नेमकी त्या डब्यातच खोट निघाली होती. दुरुस्तीचं अपडेट यायला वेळ होता. तोवर बाहेरची वाट बंद ठेवा, असं डबा बनवणाऱ्यांनीच कळवलं होतं.

"तू म्हणशील तसं," खंडेराव म्हणाले. "मला त्यातलं काय कळतंय?"

हीच तर पंचाईत होती. कोणी हुकूम सोडला असता, तर त्याच्या नावाने बोटं तरी मोडता आली असती. तो स्वतः गप्प बसला असता तर कोणाला पत्ताही लागला नसता. पण रसायनं शिजवायच्या रिॲक्टरचं तापमान बघणारे कॉम्प्युटर त्याच नेटवर्कच्या जाळ्यावर होते, आणि रिॲक्टरपाशी शेजारच्या सरावली गावची माणसं उभी असत.

"बंद केलंत तर तुमी काम कुठून करणार?" त्याच्या बायकोने, अपेक्षाने, मोरीतून विचारलं.

"तिकडं जाऊन."

"आन् यांना कोण भरवणार?"

निमेशने लॅपटॉप पुढे ओढला. त्याने वाट बंद केली आणि त्या क्षणी तो स्वतःही बाहेर फेकला गेला.

पुढचे काही दिवस तो पहाटेच कारखान्यात जायचा; बाबा रात्री तो परतल्यावरच दोन घास घेत. मग अपडेट आलं. निमेशने ते घातलं, दोनदोनदा तपासलं आणि आता वाट पुन्हा उघडता येईल म्हणून हसतच खंडेरावांच्या केबिनमध्ये शिरला.

"मालक लई खूश आहेत तुझ्यावर," खंडेराव म्हणाले. "म्हणाले, बंदच राहू दे. इतके दिवस काय अडलं का?"

"पण साहेब, आता धोका नाय. घरी माझे बाबा…"

"अरे, तूच म्हणालास ना, चोराला सलाम ठोकतोय म्हणून?"

शाबासकी इतकी कडू लागते, हे निमेशला त्या दिवशी कळलं.

दुपारी सर्व्हर रूममध्ये अपेक्षाचा व्हिडिओ कॉल आला. ती रडकुंडीला आली होती. "सकाळपास्ना काय नाय पोटात. तुमीच बोला."

तिने फोन बाबांसमोर धरला.

"बाबा, आ करा," निमेश म्हणाला.

आवाज त्यांनी ओळखला. मान वळवली ती मात्र फोनकडे नाही, खाटेच्या कडेला, निमेश बसायचा त्या रिकाम्या जागेकडे; ओठ मिटलेलेच.

"आ," निमेश पुन्हा म्हणाला, आणि लहान मुलाला भरवताना व्हावं तसं त्याचं स्वतःचं तोंड उघडलं, ते तसंच उघडं राहिलं.